पाठमोऱ्या देवाचं देऊळ

धाकट्याच्या मुलीला जुळी झाली, त्या वर्षी पाठीराख्याचं देऊळ पुन्हा उघडलं. दोन्ही बाळं अजून मानही धरत नव्हती, आणि हा पठ्ठ्या घरोघर निमंत्रणं वाटत फिरत होता. लोक विचारायचे, "नातवंडांचं की देवाचं?" तो म्हणायचा, "दोन्हीचं समजा, एकदाच या."

धाकटा म्हणजे थोरलीचा पाठचा भाऊ. वय झालं, केस गेले, ताडपत्रीचं दुकान नावारूपाला आलं, तरी सगळ्या गल्लीला तो धाकटाच. आणि थोरली ती थोरली. तिची पंच्याहत्तरी होऊन गेली होती. गुडघे कुरकुरत, एका कानानं कमी ऐकू येई, पण पाठ अशी ताठ, की मागून बघणाऱ्याला वाटावं, चाळिशीची बाई चालली आहे. या पाठीचा तिला अभिमान होता. का नसावा? त्यांचं अख्खं घराणंच पाठीच्या भरवशावर चालत आलेलं.

घराणं दोर वळणाऱ्यांचं. दोर वळणारा माणूस उलटा चालतो. एका टोकाला चाक फिरत असतं, चाकाला अडकवलेले पेड पीळ घेत असतात, आणि वळणारा ते मुठीत धरून, चाकाकडे तोंड करून, एकेक पाऊल मागे सरकतो. नजर दोरावरून हलवायची नाही. पीळ सैल पडला तर तो दोर पुढं कुणाच्या तरी जिवावर बेततो. मागं काय आहे ते पाठीनं ओळखायचं.

त्यांचा मूळपुरुष असाच उलटा चालत होता. शेजारच्या दगडाच्या खाणीसाठी लांबलचक दोर वळायचा होता. पहाटेचं धुकं होतं, बायको चाक फिरवत होती, आणि हा मागं मागं जात होता. खाणीचा कडा रात्रीच ढासळला होता आणि त्यांची चालायची वाट निम्म्यातून तुटली होती, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. चालता चालता त्याची पाठ कशावर तरी आदळली. त्याला वाटलं, कुणीतरी मध्येच उभं आहे.

"बाजूला हो की," तो ओरडला, "दिसत नाही का काम चाललंय?"

उत्तर नाही. मग त्यानं आणखी चार शब्द हासडले, ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. तरी कुणी हलेना, तेव्हा त्यानं मान वळवली. मागं माणसाएवढा दगड उभा होता, कालपर्यंत तिथं नसलेला, त्याच्याकडे पाठ करून. दगडाचं तोंड बघावं म्हणून तो पुढं जायला निघाला, तर पाय ठेवायला जमीनच नव्हती. खाली खाण.

म्हणून त्याला पाठीराखा म्हणतात आणि त्या घराण्यात देवाची पाठ पुजतात. देव कड्याकडे बघत उभा आहे, आपल्याला बघावं लागू नये म्हणून. देवाला घातलेली पहिली हाक शिवीची होती, हेही ही माणसं छाती फुगवूनच सांगतात. दुसऱ्या कुणाच्या देवानं एवढं ऐकून घेतलंय?

पुढं त्या दगडाभोवती भिंती आल्या, छप्पर आलं. मागच्या भिंतीला देवाच्या नजरेसमोर खिडकी ठेवली आणि तिला अशी दाट दगडी जाळी बसवली, की आतून बाहेरचं दिसावं पण बाहेरून आत नुसता काळोख. देवळात जायची रीत ठरली. दारातून उलटं आत शिरायचं, मागं मागं जायचं, पाठीला दगड लागला की थांबायचं. पाठ टेकायची, मनातलं बोलायचं, आणि मागं न बघता सरळ बाहेर पडायचं. पिढ्यान् पिढ्या पाठी टेकून दगडाला खोलगट जागा पडली होती. पोर वाढत गेलं आणि त्याचे खांद्यामागचे खवाटे त्या खोलगट जागी नेमके बसले, की बाप म्हणायचा, "झाला. आता याच्या हातात दोर द्या."

थोरलीचे खवाटे बसले तेव्हा ती चौदाची होती. बाहेर येऊन तिनं बापाला विचारलं होतं, "बाबा, त्याचं तोंड कसं आहे हो?"

बाप म्हणाला, "ते जमीन संपते तिथून दिसतं. तुला एवढी घाई कसली?"

मग यंत्रावरचे प्लॅस्टिकचे दोर आले. दोर वळायची लांब पडवी विकली गेली, माणसं पांगली. कुणी बस चालवायला लागलं, कुणी दवाखान्यात नर्स झालं, कुणी केस कापायला बसलं. देवळाचं छप्पर एका बाजूनं बसलं आणि दाराला पाट्या ठोकल्या गेल्या. थोरली जाता येता त्या पाट्यांना हात लावायची. तिला मोठं काही नको होतं. मरायच्या आत एकदा त्या खोलगट जागी पाठ टेकायची, बस. आपली पाठ अजून तिथं बसते का, एवढंच तिला बघायचं होतं.

आणि धाकट्यानं ते मनावर घेतलं. उगीच नाव कशाला ठेवा, देऊळ उभं राहिलं ते त्याच्या जोरावर. पांगलेल्यांना त्यानं हुडकून काढलं, कुणाला हात जोडले, कुणाला टोमणे मारले, दुकान बायकोवर टाकून वर्षभर गवंड्याच्या डोक्यावर बसला. पाया खचला होता म्हणून देवाला साखळीच्या यंत्रानं उचलून, गोणपाटात गुंडाळून बाजूला ठेवावं लागलं. नव्या भिंती उठल्या, सुरेख फरशी आली. दर्शनी खोलीत काचेचं मोठं कपाट केलं आणि त्यात घराण्याचं जुनं चाक तेल देऊन ठेवलं.

उघडायच्या दिवशी सकाळी घरच्यांनी आधी जायचं आणि संध्याकाळी गाव, असं ठरलं. घरच्यांत पहिली थोरली. सगळं गणगोत गल्लीत उभं. तिनं दाराच्या चौकटीला हात लावला, गल्लीकडे तोंड केलं आणि मागं मागं आत गेली. पायाखाली फरशी नवी होती, गुळगुळीत. पण वाट जुनीच, पायांना पाठ असलेली. आता येईल, आता येईल, म्हणता पाठ टेकली.

पाठीला कापड लागलं. आणि कापडाखालून काहीतरी टणक, नेमकं दोन खवाट्यांच्या मधोमध टोचलं.

तिला आधी वाटलं, आपलीच पाठ वाकली. ती थोडी डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली, टाचा उंचावल्या. खोलगट जागा नव्हतीच. मग तिच्या लक्षात आलं, आणि कानशिलं तापली.

"धाकट्या!"

"झालं का ताई?" बाहेरून आवाज आला. "चहा निवतोय."

"आत ये."

"तू बाहेर आल्याशिवाय मी कसा येऊ?"

"ये सरळ. तोंड पुढं करूनच ये. आज तुझी लाज गेलेलीच आहे."

धाकटा आत आला. थोरली दगडाला पाठ लावून दाराकडे बघत उभी होती, त्यामुळे तो तिच्या समोर आणि देवाच्याही समोर. देवाच्या तोंडावर पिवळं रेशमी कापड बांधलेलं होतं.

"कधी फिरवलंस त्याला?"

"यंत्रानं जागेवर बसवताना. गवंडी म्हणाला कुठल्या बाजूनं ठेवू, मी म्हटलं, असा." धाकट्यानं घसा साफ केला. "संध्याकाळी कापड काढायचंय. निमंत्रणावर छापलंय, मुखदर्शन म्हणून."

"मला नाही सांगितलंस."

"तू हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग? मला वाटलं, आपली माणसं उलटी जातात, उलटी येतात, त्यांना कळायचंही नाही. ज्यांना बघायचंय ते बघतील."

"माझ्या पाठीला कळणार नाही, असं वाटलं तुला?" थोरलीचा आवाज चढला. "माझ्या पाठीला?"

धाकटाही मग उसळला. "ताई, देवाची पाठ बघायला कोण येणार आहे? शाळेत पोरं मला काय म्हणायची आठवतंय? तुमचा देव रुसलाय! उलट्या, उलट्या म्हणून माझ्या मागं लागायची. तू चार जणांना बदडून आलीस, मला नाही जमलं ते. एवढं देऊळ उभं केलं ते आपण चौघांनी आत जाऊन पाठी घासायला? लोक आले पाहिजेत. आणि तो बघत होता ती खाण कधीच बुजली. तिकडे आता गाड्या धुतात. देवानं काय गाड्या धुणं बघत राहायचं?"

थोरली म्हणाली, "दुकानात तू तोंड कुठं करून बसतोस? मालाकडे की दाराकडे?"

"दाराकडे."

"का? माल तर तुझा आहे."

"चोर काय मालातून येतो?" म्हणता म्हणता धाकटा थांबला. हात झटकून म्हणाला, "ते वेगळं."

"काही वेगळं नाही."

तो जवळ आला आणि आवाज उतरवून म्हणाला, "ताई, मी बघितलंय त्याला. उचलला तेव्हा. तू एकदा बघ, मग बोल. गाठ माझ्या हाताशी आहे. तू नुसती मान वळव."

चौदाव्या वर्षापासून थोरलीला हे हवं होतं. बाप गेला, नवरा गेला, दोघांच्याही वेळी तिनं मनात त्या तोंडालाच विचारलं होतं, बघतोयस ना? आता ते वीतभर अंतरावर होतं. आत दुसरं कुणी नव्हतं. मान वळवायला किती वेळ लागतो?

तिची हनुवटी खांद्याकडे झुकली. मग तिनं ती सरळ केली.

"मी बघीन माझी मी," ती म्हणाली. "आज नाही. तू पाठ टेक."

"माझी?"

"नाही, शेजाऱ्याची. टेक म्हणते ना!"

ती बाजूला झाली. पाट्या ठोकल्या गेल्यापासून धाकट्यानं त्या दगडाला पाठ लावलेली नव्हती. नाराजीनंच तो वळला आणि मागं रेलला.

"टोचतंय?"

"टोचतंय," धाकटा म्हणाला. आणि जरा वेळानं, बारीक आवाजात, "माझी कधी नीट बसलीच नव्हती ग त्या जागी. मी बुटका. बाबांनी तरी दोर दिला."

"मग आता बसते का बघ."

बाहेर जाऊन त्यानं गवंड्याला हाक मारली आणि देव परत फिरवायला सांगितला. गवंड्यानं डोकं खाजवलं. सिमेंट भरायचं बाकी होतं आणि मागची जाळीही बसवायची होती, त्यामुळे दगड फिरवता येईल. पण साखळीचं यंत्र दुसऱ्या कामावर गेलं होतं, ते आज मिळणार नव्हतं. "हातानं नाही हलायचा हो. चांगला दणकट दोर असेल तर बघू."

थोरली हसायलाच लागली.

"ऐकलंत? दोर असेल तर म्हणतोय. कुणाच्या दारात उभा राहून बोलतोय ते तरी बघ बाबा!"

काचेचं कपाट उघडलं. धाकट्यानं स्वतःच्या हातानं चाक बाहेर काढलं आणि गल्लीच्या तोंडाशी आणून रोवलं. सोफे भरणारा भाचा दुकानातून तागाच्या सुतळीची भेंडोळी घेऊन आला. धाकट्याची बायको पदर खोचून चाकाला बसली. "संसारभर यांना फिरवलं," ती म्हणाली, "हे चाक काय जड आहे?" लोकांनी आपापल्या गाड्या सरकवून गल्ली मोकळी केली. आणि जे हात इतकी वर्षं बसचं चाक धरत होते, सुया टोचत होते, कात्री चालवत होते, ते सुतळीला लागले. कुणाला शिकवावं लागलं नाही. नर्सबाई म्हणाली, "अगबाई, बोटांना सगळं येतंय की!" आणि तिचे डोळे भरले. बसवाला म्हणाला, "रडू नकोस, सुतळी भिजेल."

शेवटचा मोठा पीळ थोरलीनंच घ्यायचा, यावर वादच झाला नाही. तिनं तिन्ही पेड मुठीत धरले, चाकाकडे नजर लावली आणि एक पाऊल मागं टाकलं. मग दुसरं. गुडघे कुरकुरले, तिनं त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. दोर तिच्या हातांपुढं तयार होत होता, घट्ट, सारखा, तागाचा तो जुना वास सोडत. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं उभी राहिली. परकी माणसंही थांबली. कुणी टाळी वाजवली नाही, सगळे तिच्या पावलांकडे बघत होते. तिची पाठ, ती ताठ पाठ, गल्लीतून अशी मागं मागं चालली होती जणू वाट तिच्यासाठीच आखली होती.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पाण्याच्या नळासाठी खणून ठेवलेला चर होता. दोराच्या नादात ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. थोरली जात राहिली आणि एकाएकी तिची पाठ कशावर तरी आदळली.

"बाजूला हो की!" ती नजर न हलवता खेकसली. "दिसत नाही का काम चाललंय?"

"दिसतंय," मागून धाकट्याचा आवाज आला. "म्हणूनच उभा आहे."

तो चराच्या काठावर, चराकडे तोंड करून उभा होता. तिची पाठ त्याच्या पाठीला टेकलेली होती. दोघंही वळली नाहीत. थोडा वेळ तशीच राहिली. मग थोरली म्हणाली, "दोर पुरे झाला. गाठ मारा."

दुपारी देव फिरवला. तळाच्या फरशीवर साबणाचं पाणी ओतलं, दगडाला दोराचे वेढे दिले, एक टोक दारातून बाहेर काढलं आणि दुसरं मागच्या खिडकीतून. दोन्हीकडे माणसं खांद्यावर दोर घेऊन देवाकडे पाठ करून उभी राहिली. धाकटा दारातल्या टोकाला सगळ्यांत पुढं होता. "हं!" तो ओरडला आणि गल्लीनं जोर लावला. दोर ताणला, करकरला, पण त्याचा एक धागा सुटला नाही. दगड जागच्या जागी असा वळला, जसा हाक मारल्यावर माणूस वळावा. गवंडी तोंडात बोट घालून बघत राहिला. खिडकीची जाळी बसवल्यावर धाकट्यानं हात मागून घालून कापड ओढून काढलं, तेही डोळे मिटून. एकदा बघून चुकलेला माणूस, तरी डोळे मिटून!

संध्याकाळी गाव लोटलं. ज्यांना मुखदर्शनाची निमंत्रणं होती त्यांना धाकट्यानं दारातच अडवलं आणि सांगितलं, "आमचा देव रुसलेला नाही. तो पहाऱ्यावर आहे." आणि खाणीची गोष्ट सांगितली, शिवीसकट. मग गल्लीभर अशी रांग लागली जी कुणी पाहिली नव्हती. सगळं गाव उलटं चालत होतं, एकमेकांना धडकत होतं, हसत होतं. ज्या शाळेत पोरं धाकट्याला उलट्या म्हणायची तिचे आताचे मोठे गुरुजीही उलटे चालत होते. आत गेल्यावर मात्र हसणं थांबायचं. बाहेर येणारा माणूस जरा ताठ होऊन यायचा.

रांग संपल्यावर थोरली पुन्हा आत गेली. मागं मागं. पाठ टेकली, आणि बसली. जिथं बसायची तिथंच, तसूभरही इकडेतिकडे नाही.

"बसली का ग?" धाकट्यानं दारातून विचारलं.

"तुला काय वाटलं होतं?" ती म्हणाली.

ज्या दोरानं देव फिरवला तोच घंटेला लावला. तो अजून आहे. त्या घराण्यातलं पोर मोठं झालं, की आधी दगडाला पाठ लावून बघतं आणि मग तो दोर ओढतं. देवाचं तोंड कसं होतं ते धाकट्यानं कुणाला सांगितलं नाही, आणि थोरलीनं त्याला एकदाही विचारलं नाही.

धाकटा गेला तो जुळी शाळेत जायला लागली त्या वर्षी, दुकानात, दाराकडे तोंड करून बसलेला असताना. थोरली त्याच्यामागून गेली, पुढच्या हिवाळ्यात, सकाळी, आपल्या अंथरुणात.